सांबराची दुसरी मांडी

पळसवाडे, म्हसावदनजीक
ता. ८ जानेवारी १९३५

चिरंजीव भटेसिंग यास नथेसिंग उत्तमसिंग गिरासे, माजी पोलीस पाटील, यांचे आशीर्वाद.

सात वर्षांत मी तुला पत्र लिहिले नाही आणि तूही मला लिहिले नाहीस. त्याविषयी आज काही लिहावयाचे नाही. तू घर सोडून खांडबाऱ्यास लाकडाच्या वखारीत नोकरी धरलीस आणि तेथेच संसार मांडलास, हे मी ऐकून आहे.

चि. कमलीचे लग्न ठरल्याचे मला केवलचंद शेटजींच्या दुकानात समजले. मी मीठ घेण्यास गेलो होतो. शेटजी म्हणाले, "पाटीलसाब, नातीच्या लग्नाचे पेढे कधी?" दुकानात चार माणसे बसली होती. मी म्हणालो, "लवकरच." आजोबास नातीच्या लग्नाची बातमी वाण्याच्या तराजूपुढे मिळावी, यात कोणाची शोभा झाली ते तूच ठरव.

परंतु हे पत्र त्यासाठी नाही. शेटजींकडून असेही कळले की, लग्नानंतर व्याही मंडळी पाचव्या दिवशी जेवावयास येतील तेव्हा त्यांना सांबराचे जेवण देण्याचा तुझा मनोदय आहे. त्यासाठी तू मोलगीच्या वर उंबरखोऱ्यात शिकारीस जाणार आहेस आणि आपल्या गावच्या दिवाल्यास बरोबर नेणार आहेस.

सबब तुला कळवितो की, तू जाऊ नयेस.

एक तर उंबरखोरा येथून तीन मजला, म्हणजे तीन दिवसांची वाट, लांब आहे. दुसरे, पायथ्याशी उतरल्यावर बैलगाडी, नंदुरबारची रेल्वे आणि मग खांडबारा, इतक्या प्रवासात मांस टिकत नाही. तिसरे, व्याह्यांना चांगला बोकड दिला तरी कोणी नाव ठेवणार नाही. ही तीन कारणे पुरेशी आहेत. चौथे विचारू नये.

मी स्वतः १९१६ साली तुझी बहीण रुखमा हिच्या लग्नात त्याच खोऱ्यातून सांबर आणले होते, हे तुला ठाऊक आहेच. त्यामुळे मी अनुभवाने लिहीत आहे. वृद्ध माणसाची कुरकुर समजू नये.

नथेसिंग उ. गिरासे
माजी पोलीस पाटील

*

पळसवाडे
ता. १५ जानेवारी १९३५

चि. भटेसिंग यास आशीर्वाद.

तुझे कार्ड मिळाले. चार ओळी आहेत. इयत्ता चौथीपर्यंत मीही शिकलो आहे. परंतु वडिलांस लिहिताना आरंभी मायना घालावा, एवढे मला गुरुजींनी पहिल्याच वर्षी शिकविले होते.

तू लिहितोस, "तुम्ही आक्काच्या लग्नात एका गोळीत सांबर पाडले, हे म्हसावदपासून शहाद्यापर्यंत लोक आजही सांगतात. माझ्या मुलीच्या लग्नात मी का आणू नये?" लोक सांगतात हे खरे आहे. परवाच पारावर धुडकू न्हावी एका परगावच्या पाहुण्यास सांगत होता, "आमना पाटीलनी ठासणीनी बंदूकमा एकच गोळी भरी व्हती. दुसरी बरोबर लयेलच नव्हती!" मी तेथूनच जात होतो. थांबलो नाही.

असो. मनाई करून तू ऐकणार नाहीस, हे तुझ्या अक्षरावरून दिसते. म्हणून मांस घरापर्यंत कसे आणावे ते नीट लिहून देतो. यात चूक करू नकोस.

जनावर पडताच पोट साफ करावे, परंतु पाण्याने धुऊ नये. धुतलेले मांस दुसऱ्या दिवशी वास मारते. कातडे त्याच जागी काढावे आणि आतून मीठ चोळून घडी करावी. पाठीचे व बरगड्यांचे मांस लांब पट्ट्यांत कापावे, मीठ व हळद लावून ओल्या काठ्यांच्या मांडवावर ठेवावे आणि खाली मंद धूर करावा. आच नको, धूर पाहिजे. मांड्या अखंड ठेवाव्यात, पळसाच्या पानांत बांधून वरून ओले कापड गुंडाळावे. कावड पहाटे उचलावी आणि ऊन चढले की सावलीत टांगावी. मुंग्यांसाठी दोरीला राख लावावी. मीठ केवलचंद शेटजींकडून घ्यावे. शेटजी जैन आहेत. मी एकदा कारण सांगू लागलो तर त्यांनी कानावर हात ठेवले. "पाटीलसाब, मीठ मी विकतो. पुढे त्याचं काय होतं ते मला सांगू नका. मला संध्याकाळी मंदिरात जायचं असतं."

आणखी एक गोष्ट. उंबरखोऱ्यातून उतरताना घाटाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला वाघदेवाचा दगड आहे. तेथे मागची एक मांडी ठेवून यावे. अख्खी ठेवावी. एखादा तुकडा ठेवून भागवू नये. डोंगरातील लोकांची तशी रीत आहे आणि परक्या मुलखात तेथील रीत पाळणे हे सभ्य माणसाचे लक्षण आहे. एवढे कारण पुरे.

कार्डाच्या शेवटी तू लिहिले आहेस, "रेवजीकाका चोर नव्हता." या वाक्याचा शिकारीशी काही संबंध नाही. १९१६ साली गावचा राखणदार, जागल्या रेवजी, हा माझ्याबरोबर होता. उतरताना तो एक मांडी घेऊन मागे राहिला आणि परत आला नाही. त्याप्रमाणे मी पोलीस पाटील या नात्याने रिपोर्ट लिहिला. रिपोर्टात जे लिहिले ते लिहिले. तू सात वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून, रेवजीच्या मुलास, दिवाल्यास, बापाचे जागल्याचे काम द्यावे म्हणून, भर अंगणात माझ्याशी तोंड चालविलेस आणि निघून गेलास. तो विषय मी संपलेला समजतो.

मांडी ठेवण्यास विसरू नये.

नथेसिंग उ. गिरासे
माजी पोलीस पाटील

*

पळसवाडे
ता. २१ जानेवारी १९३५
(मोलगीच्या बाजारात भटेसिंग गिरासे, खांडबारेकर, यांस हाती देणे.)

चि. भटेसिंग यास आशीर्वाद.

तू निघून गेलास. आपल्याच गावावरून वर गेलास आणि घरी आला नाहीस. मी ओट्यावर बसलो होतो. तू लांबून पागोटे सारखे केलेस, मीही माझे सारखे केले. दिवाल्याने मात्र वाकून रामराम घातला. तो तंतोतंत रेवजीसारखा चालतो, डावा खांदा किंचित खाली. मी त्यास वीस वर्षांत नीट पाहिले नव्हते.

हे पत्र केवलचंद शेटजींच्या मिठाच्या बैलांबरोबर पाठवीत आहे. ते उद्या निघून बाजाराच्या दिवशी मोलगीस पोहोचतील. तू बाजारातून हमाल घेऊन वर चढण्यापूर्वी ते तुझ्या हाती पडेल.

काल दिवाल्याची आई मोतीबाई आली होती. रेवजी गेल्यापासून ती माझ्या दारी कधी आली नाही. गावात तिला काय म्हणतात ते तुला माहीत आहे. विहिरीवर दुसऱ्या बायका आपल्या घागरी तिच्यापासून लांब ओढून घेतात. ती ओट्याखाली उभी राहिली. मी म्हणालो, "बस." ती बसली नाही.

म्हणाली, "पाटील, मन्हा पोऱ्या तुम्हना पोऱ्यासंगे वर गया. दोन्ही परत येतीन ना?"

मी म्हणालो, "न येण्यास काय झाले? सांबर आणावयास गेले आहेत."

ती म्हणाली, "त्याना बापबी सांबरच लेवाले गयथा." मग म्हणाली, "मन्हा धनी चोर नव्हता, पाटील. तंगडी चोरीसन तो जाई कोठे? त्याना घर त आठेच शे. त्यानी बायको आठेच शे. मांस खावाले माणूस घर सोडस का?"

मी तिला घरी जाण्यास सांगितले. उत्तर देण्याजोगा प्रश्न होता, हे मान्य करतो.

भटेसिंग, ती मांडी दगडापाशी ठेव. मी रीत म्हणून लिहिले होते, परंतु ती केवळ रीत नव्हे. तुला जर तेथे एखादे सांबर विनासायास मिळाले, पळविल्याशिवाय, माग काढल्याशिवाय, तर विशेष जपावे. असे सांबर मिळू शकते. तेव्हा गर्वाने काही करू नये. दिवाल्या काय म्हणतो ते ऐकावे. त्याचा बाप मला जे म्हणाला होता तेच तो म्हणेल.

रेवजी मला म्हणाला होता की

तो मजकूर येथे राहू देतो. पत्र लांबले आणि शेटजींचा माणूस खोळंबला आहे. हे पत्र हुकूम समजून त्याप्रमाणे वागावे.

नथेसिंग उ. गिरासे
माजी पोलीस पाटील

*

पळसवाडे
ता. २७ जानेवारी १९३५, दुपार

भटेसिंगा,

कावडी आल्या. तू आला नाहीस.

दिवाल्या आणि मोलगीकडचे दोन हमाल दुपारी ओट्यापुढे कावडी उतरवून उभे राहिले. बैलगाडी म्हसावदहून यावयाची असल्याने तोवर येथे सावलीत टांगू का, असे त्यांनी विचारले. मी टांगण्यास सांगितले. काम तू चांगले केले आहेस. पट्ट्यांना धूर बरोबर लागला आहे. दोऱ्यांना राखही लावली आहे. ते पाहून मला बरे वाटले, आणि मग मी मांड्या मोजल्या.

मागच्या दोन आहेत. पाने सोडून पाहिले. दोन्ही मागच्याच आहेत.

मी दिवाल्यास विचारले, "माझे पत्र पोहोचले नाही काय?"

तो म्हणाला, "कागद भेटेल व्हता, बाबा. दादानी बाजारमा उभा राहीसन वाचा आणि खिशामा ठेवा. म्हने, बुढा आजुनबी हुकूमच सोडी ऱ्हायना."

"आणि मांडी?"

"मी सांगं ना. एक तंगडी दगडपाशी ठेऊ, दादा, तो वाघदेवना वाटा शे. दादा हसीसन म्हने, मन्हा बापनी एक गोळीमा पाडं आणि काहीच ठेवं नही, आते मी कसाले ठेवू?"

नंतर मी कातडे उलगडले. मिठाने आखडले होते. ते मी जमिनीवर ताणून धरले. बगलेत तुझ्या गोळीचे भोक आहे. भोकाच्या कडा स्वच्छ आहेत, आतून रक्त साकळलेले नाही. आणि गळ्यापाशी चार छिद्रे आहेत, दोन वर आणि दोन खाली. त्यांच्याभोवती मात्र आतून काळे झाले आहे. हे कातडे गावात दुसऱ्या कोणी पाहिले असते तर त्यास काही कळले नसते. मला कळते, कारण असे एक कातडे मी पूर्वी हाताळले आहे. मेलेल्या जनावरास गोळी घातली तर भोक पडते, रक्त येत नाही.

दिवाल्या माझ्याकडे पाहत होता. म्हणाला, "बाबा, ते सांबर आम्हले पडेलच सापडं. गळा फोडेल व्हता. दादानी मंग गोळी मारी. हमालसले म्हने, कोणले सांगू नका."

भटेसिंगा, ते सांबर मी मारले नव्हते.

१९१६ साली उंबरखोऱ्यात मी तीन दिवस फिरलो आणि मला एक ससाही मिळाला नाही. रुखमाच्या व्याह्यांना मी बैठकीत शब्द देऊन चुकलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी नाल्यात सांबर पडलेले दिसले. वाघाने नुकतेच मारले होते, अंग गरम होते, आमची चाहूल लागून तो बाजूला झाला होता. डोंगरातील लोक असे मांस उचलतात. त्यात लाज नाही. परंतु ते वाघाचा वाटा, मागची एक मांडी, ठेवून येतात. रेवजी म्हणाला, "पाटीलबा, एक तंगडी ठेई द्या. शिकार त्यानी करेल शे, आपण फक्त उचली ऱ्हायनूत."

ते वाक्य मला सहन झाले नाही. मी बंदूक उचलली आणि त्या मेलेल्या सांबराच्या बगलेत गोळी घातली. म्हणालो, "आता शिकार कोणाची?" हमालांनी माना खाली घातल्या. रेवजी जंगलाकडे पाहू लागला. मी दोन्ही मांड्या बांधावयास लावल्या. एकीची कावड रेवजीने आपल्या खांद्यावर घेतली आणि सर्वांच्या मागे तोच चालला.

वाट उतरताना आमच्या मागे वाळलेल्या पानांचा आवाज येत होता. आम्ही थांबलो की तो थांबे. हमाल एकमेकांना चिकटून चालू लागले. दगड ओलांडून आम्ही बरेच खाली आलो तेव्हा मी मागे वळून पाहिले. रेवजीचा खांदा मोकळा होता. त्याने मला न सांगता मांडी दगडापाशी ठेवली होती. पानांचा आवाजही बंद झाला होता. येथेच सर्व संपले असते.

मी त्यास परत पाठविले.

मी म्हणालो, "जागल्या असून पाटलाची वस्तू टाकून येतोस? जा, घेऊन ये." तो म्हणाला, "पाटीलबा, देई टाकेल वाटा परत लेतस नही." मी बंदूक त्याच्यावर रोखली नव्हती. परंतु ती माझ्या हातात होती, आणि मी तिचे तोंड खाली केले नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग डावा खांदा किंचित खाली घेऊन वर चढू लागला.

थोड्या वेळाने त्याची हाक आली. "पाटीलबा!" एकदाच. बंदूक ठासलेली होती आणि दारू कोरडी होती. मी हमालांना म्हणालो, "चला." आम्ही पायथ्यापर्यंत थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी एकटाच दगडापर्यंत जाऊन आलो. मांडी नव्हती. त्याचे तांबडे पागोटे करवंदीच्या जाळीत अडकलेले होते. ते मी आणले आणि माझ्या सनदेच्या पेटीत तळाशी ठेवले. लग्न झाले. व्याही जेवले. दुसरी मांडी कोठे, असे कोणीतरी पंगतीत विचारले. सर्व माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "जागल्या घेऊन पळाला." त्यानंतर रिपोर्ट त्याप्रमाणेच लिहावा लागला. अक्षर सुंदर आहे. फौजदार साहेबांनी प्रशंसा केली होती.

रेवजी चोर नव्हता असे तू म्हणत आलास. तुझे खरे होते. मी एका गोळीत सांबर पाडले असेही तू म्हणत आलास. तो विश्वास मी काढून घेतला असता तर तू आज ओट्यावर असतास. मागच्या पत्रात एक वाक्य लिहिण्यास घेऊन मी लेखणी उचलली. शेटजींचा माणूस खोळंबला नव्हता. तो तंबाखू मळीत बसला होता.

दिवाल्या सांगतो की, सांबर पडले तेथे तू शिंगे झाडावर टांगून ठेवली होतीस आणि ती आणण्यास काल सकाळी दगडापासून परत गेलास. "बैठकीत लावू, बापाकडे आहेत त्यापेक्षा मोठी आहेत," असे म्हणालास. दिवाल्या बरोबर येऊ लागला तर त्यास मांसाबरोबर पुढे पाठविलेस. तुम्ही गावी पोहोचण्याच्या आत तुम्हास गाठतो, असे तू त्यांना म्हणाला होतास. ते गावी पोहोचून आता प्रहर होत आला. मी वाटेकडे पाहत लिहीत आहे. वाट रिकामी आहे.

मी मोतीबाईस बोलावून आणले आणि पेटी उघडून पागोटे तिच्या हातात दिले. हमाल, धुडकू न्हावी, पाण्याला निघालेल्या बायका, सर्व उभे होते. त्यांच्यासमोर वर लिहिले आहे ते तोंडी सांगितले. मोठ्याने सांगितले. धुडकू माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. मोतीबाईने पागोटे उलगडले, त्याचा वास घेतला आणि पुन्हा घडी केली. मग दिवाल्याकडे वळून म्हणाली, "जाय. दादाले लई ये." ज्या बाईचा नवरा मी पाठविला तिने आपला मुलगा तुझ्यासाठी पाठविला. हे तू जन्मभर लक्षात ठेवावे.

आता आम्ही निघतो. गाडीवानास थांबविले आहे. व्याह्यांना उरलेले मांस पोहोचेल, एक मांडी कमी पोहोचेल. ती मी घेतली आहे. दिवाल्या म्हणाला, "बाबा, तंगडी मन्हाकडे द्या, तुम्हले झेपाव नही." माझे वय एकाहत्तर आहे आणि झेपणार नाही हे खरे आहे. तरी ती माझ्याच खांद्यावर राहील. बंदूक घरी ठेवीत आहे. वाटा द्यावयास जाताना ती लागत नाही, आणि मागच्या वेळी ती हातात असून मी काय केले ते वर आलेच आहे.

हे पत्र मोतीबाईपाशी ठेवतो. तिला वाचता येत नाही, म्हणून तू आलास की तूच तिला ते वाचून दाखव. सावकाश वाच, काही गाळू नकोस. तू दुसऱ्या वाटेने उतरून आमच्या आधी घरी पोहोचलास तर आमच्या शोधार्थ वर येऊ नकोस. हा हुकूम नव्हे. विनंती आहे.

दिवाल्या म्हणतो, म्हाताऱ्या माणसाने पुढे चालावे. मी त्यासच पुढे राहण्यास सांगितले आहे. त्याच्या खांद्यावर काही नाही, तो झपाझप जाईल आणि तुला आधी गाठील. मागे मी चालेन.

तुझा बाप,
नथेसिंग